वजाबाकींत उरलेले सात रुपये

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या विद्यार्थिदशेंतील आठ रुपयांची गोष्ट सुशिक्षित मराठी घरांतील बहुतेक मुलांच्या कानांवरून एकदां तरी गेलेली असते. गोखले १८६६ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील कोतळूक येथें जन्मले. १८७९ सालीं त्यांचे वडील वारले, त्या वेळीं त्यांचें वय अवघें तेरा वर्षांचें होतें. थोरले बंधु गोविंदराव यांनीं स्वतःचें शिक्षण सोडून कागल संस्थानांत दरमहा १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले ८ रुपये ते कोल्हापुरास शिकणाऱ्या धाकट्या भावास पाठवूं लागले. त्या आठांत गोपाळरावांनीं महिना काढावयाचा. एकदां एका मित्राबरोबर ते नाटकास गेले. मित्र आपल्याला नेत आहे अशी त्यांची समजूत. मागाहून मित्रानें तिकिटाचे दोन आणे मागितले, तेव्हां ती तूट त्यांनीं दिव्याच्या तेलांतून भरून काढली आणि रस्त्यावरच्या कंदिलाखालीं बसून अभ्यास केला, अशी आख्यायिका आहे.

ही गोष्ट मीं वर्गांत तीस वर्षें सांगितली. सांगतांना माझा स्वर किंचित् उंचावे, आणि ‘पाहा, आठ रुपये!’ असें म्हणून मी समोरच्या मुलांकडे अशा कांहीं दृष्टीनें पाहत असें, कीं त्यांना आपल्या दप्तरांतील नव्या पेन्सिलीचीहि लाज वाटावी. पण पंधरांतून आठ वजा जातां किती उरतात, हें एकाहि वर्षीं, एकाहि वर्गास मीं विचारलें नाहीं. उत्तर सात आहे. त्या सात रुपयांत कागल येथें गोविंदराव, त्यांची पत्नी आणि मागें राहिलेलें सारें कुटुंब चालत होतें. पुढें कॉलेजच्या शिक्षणाचा प्रश्न आला, तेव्हां गोपाळरावांच्या वहिनींनीं आपले दागिने देऊं केले, असें चरित्रकार नमूद करतात. आठ रुपयांचा धडा झाला. सातांचा झाला नाहीं. हें माझ्या ध्यानांत यावयास वयाचीं अडुसष्ट वर्षें आणि गेल्या महिन्यांतील एक संध्याकाळ लागली.

आमच्या घरचा नातू, म्हणजे माझ्या कै. वडील बंधूंचा नातू, दोन वर्षांपासून पुण्यास सदाशिव पेठेंत राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करीत आहे. त्या पेठेंत आणि तिच्या आसपास अशीं मुलें हजारोंनीं राहतात. खोली कोणी घेत नाहीं, खाट घेतात. एका खोलींत तीन-चार खाटा, दिवसभर बसावयास अभ्यासिका आणि जेवावयास खानावळ, अशी ही जीवनपद्धति आहे. त्याच्या वडिलांची कारखान्यांतील नोकरी गेल्या वर्षीं सुटली. आतां मिळाली आहे तेथें पगार पूर्वीच्या निम्म्याहून थोडा अधिक. तेव्हांपासून घरून मुलास आठ हजार रुपये जातात. गेल्या महिन्यांत त्यानें आपण होऊन महिन्याच्या खर्चाचा तक्ता भ्रमणध्वनीवरून धाडला. खाटभाडें ३,०००, अभ्यासिका १,२००, खानावळ १,६००, पुस्तकें व छायाप्रति ७००, चहा-नाश्ता ४००, जाणें-येणें ३००, फोन ३००, किरकोळ ५००. एकूण ८,०००. खालीं लिहिलें होतें, ‘यांत माझें उत्तम चालतें, काळजी नसावी.’

वाईच्या आमच्या घरांत संध्याकाळीं सारीं माणसें ओटीवर असतात. तक्ता मोठ्यानें वाचण्यांत आला. बेरीज बरोबर होती, आणि बेरीज बरोबर असली कीं मास्तर माणसाचें अर्धें समाधान तेथेंच होतें. मीं गोखल्यांची गोष्ट काढली. पुतण्याच्या डोळ्यांत पाणी उभें राहिलें. सर्वांनीं मुलाची वाखाणणी केली. माझ्या वहिनी, वय वर्षें एक्याऐंशी, कोपऱ्यांत बसून शेंगा फोडीत होत्या. त्यांनीं मान वर न करतां विचारलें, “भाऊजी, खानावळीचे सोळाशें म्हणजे एकाच वेळचे ना हो? शेजारच्या मुलीला दोन्ही वेळचे तीन हजार पडतात.”

ओटीवर एकदम शांतता झाली. आम्ही पांच सुशिक्षित माणसांनीं तो तक्ता पाहिला होता. त्यांतल्या दोघांना पदव्या आहेत. एकालाहि त्यांत एक जेवण नाहीं हें दिसलें नव्हतें. लगेच पुण्यास फोन लावला. मुलगा प्रथम हसला, मग म्हणाला, “आजी, रात्रीं भूकच लागत नाहीं गं. वाचतां वाचतां झोप येते.” वहिनींनीं फोन माझ्या हातीं दिला आणि पुन्हां शेंगा फोडूं लागल्या. “भूक न लागणें मला ठाऊक आहे,” एवढेंच त्या म्हणाल्या. त्या वाक्याचा अर्थ मला त्या क्षणीं कळला नाहीं. तो पुढें कळला.

थोड्या पैशांत राहणें म्हणजे काय, याची आपल्या भाषेंत एक गल्लत होऊन बसली आहे. काटकसर आणि उपास हे दोन शब्द आपण एकाच अर्थीं वापरूं लागलों आहों. कसर हा शब्द अरबींतून आलेला. अपूर्णांक, तूट असा त्याचा अर्थ. जेथें अपूर्णांक निघतो तेथें तो काढावा, ही काटकसर. पूर्णांकच काढून टाकला तर ती वजाबाकी झाली. अडचण अशी कीं तंगी आली म्हणजे माणूस सर्वांत आधीं अन्नास हात लावतो, आणि त्याचें कारण अगदीं व्यावहारिक आहे. घरमालक तारखेस दाराशीं येतो, अभ्यासिकेचे पैसे चुकले तर जागा जाते, फोनची मुदत संपली तर तो मुका होतो. पोट हा एकच सावकार असा आहे कीं त्याला आज नको, उद्यां ये म्हटलें तर तो मुकाट्यानें परत जातो. त्याचें व्याज मात्र चढत असतें, आणि तें वसूल होतें तें परीक्षेच्या दिवशीं तरी किंवा पन्नाशींत तरी.

हें व्याज मोजतां येतें. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२० सालीं जीं प्रमाणें ठरवून दिलीं, त्यांत ६५ किलो वजनाच्या प्रौढ पुरुषास रोज सुमारें ५४ ग्रॅम प्रथिनें लागतात असें सांगितलें आहे. खानावळीच्या एका ताटांत, म्हणजे तीन पोळ्या, वाटीभर पातळ वरण, भाजी आणि भात यांत, माझ्या अदमासानें वीस-बावीस ग्रॅमांहून अधिक नसावींत. उरलेलीं तीस चहाच्या कपांतून येत नाहींत. उलट शंभर ग्रॅम भुईमुगाच्या दाण्यांत सुमारें पंचवीस ग्रॅम आणि शंभर ग्रॅम भाजक्या हरभऱ्यांत वीसच्या आसपास प्रथिनें असतात. धान्यांत जें सत्त्व उणें असतें तें डाळींत असतें, आणि डाळींत जें उणें तें धान्यांत. म्हणून भात व वरण, भाकरी व पिठलें, मेतकूट व भात या जोड्या आपल्याकडे पूर्वीपासून बसलेल्या आहेत. गरिबीच्या दिवसांत डाळ पातळ करणें ही म्हणूनच सर्वांत महाग काटकसर होय. ज्वारीची भाकरी, दाण्याची चटणी, ताक आणि चाकवत-राजगिऱ्यासारखी पालेभाजी यांचें जेवण आजहि बाजारांतील कोणत्याहि बंद पुड्यापेक्षां स्वस्त पडतें आणि पूर्ण असतें.

पूर्वीच्या पुण्यांत गरीब विद्यार्थ्याच्या या प्रश्नाचें उत्तर वार आणि माधुकरी हें होतें. सात घरीं सात दिवस जेवावयाचें, किंवा झोळी घेऊन दारोदार जाऊन मिळेल तें एकत्र करावयाचें. पंक्तीस बसवून तूप वाढणारीं घरें होतीं, आणि पडवींत बसवून सकाळचा भात वाढणारींहि होतीं. मीहि आठवड्यांतून दोन वार जेवलों आहें, तेव्हां हें ऐकीव नाहीं. हें दार बहुतकरून एकाच जातीच्या मुलांना उघडें होतें, ही गोष्टहि येथें सांगितली पाहिजे. पुण्यांत १९०९ सालीं अनाथ विद्यार्थी गृह निघालें, १९५५ सालीं विद्यार्थी साहाय्यक समिति निघाली. आणि आमच्या साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९२४ सालीं वसतिगृह काढून सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीस बसविलीं, तें तर या सर्वांत मोठें काम. त्या मुलांना धान्य आणावयास पैसे उरले नाहींत तेव्हां भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं आपलें मंगळसूत्र मोडलें, हें सातारा जिल्ह्यांत सर्वांस ठाऊक आहे. म्हणजे येथेंहि हिशेबाच्या शेवटीं कोणा एका बाईचा गळा मोकळा झाला.

असो. त्या रात्रीं मी, पुतण्या आणि सूनबाई असे तक्ता पुढें घेऊन बसलों. एक नियम आधींच ठरविला: खानावळीची रक्कम प्रथम मांडावयाची, आणि ती पुसावयाची नाहीं. दोन्ही वेळचे तीन हजार मांडले. खर्च चौदाशें रुपयांनीं वाढला. आतां कसर शोधावयाची. तीन खाटांच्या खोलीऐवजीं चार खाटांच्या खोलींत जागा होती. तेथें पांचशें वांचले. मुलगा म्हणाला, घोरणारा एक वाढेल. वाढूं दे म्हटलें. पुस्तकें त्याच्या मित्राजवळहि तींच होतीं. दोघांत एक संच ठेवल्यास तीनशें वांचत होते. मग ‘किरकोळ’ हें खातें उघडण्यास सांगितलें. माझ्या अनुभवानें कोणत्याहि हिशेबांत चोर बसतो तो याच सदरांत, कारण त्यास नांव नसतें. आठ दिवस प्रत्येक रुपया लिहिल्यावर निघालें तें असें: मित्राच्या वाढदिवसाची वर्गणी, दोनदां मागविलेलें बाहेरचें खाणें आणि ज्याचें वाचन त्यानें केव्हांच सोडलें होतें अशा एका संकेतस्थळाची मासिक फी. शेवटची बंद केली, खाणें कमी केलें, दोनशें वांचले. वर्गणी मीं राहूं दिली. एकाकी मुलास मित्र हेंहि अन्नच आहे.

भ्रमणध्वनीवरून पैसे देण्याची सोय झाल्यापासून हें लिहिणें अधिक जरूर झालें आहे. पूर्वी पैसा हातांतून जातांना निदान वाजत असे. आतां बोट टेकलें कीं गेला. यंत्र त्याची नोंद ठेवतें हें खरें, पण यंत्रानें ठेवलेली नोंद आपण वाचतों कोठें? स्वतःच्या हातानें लिहितांना जी क्षणभर लाज वाटते तीच खरी वही.

चहा-नाश्त्याच्या चारशेंतून दोनशें काढावयाचें वहिनींनीं आपल्या अंगावर घेतलें. दुसऱ्या दिवशीं सकाळपासून घरांत भाजण्याचा वास सुटला. मेतकूट, दाण्याची चटणी, सातूचें पीठ, भाजके हरभरे. सातूच्या पिठास विस्तव लागत नाहीं. गूळ आणि दूध किंवा नुसतें पाणी घालून कालवलें कीं झालें, त्यामुळें शेगडीची बंदी असलेल्या खोलींतहि तें चालतें. सर्व मिळून बाराशें वांचले होते. चौदाशेंस दोनशें कमी पडत होते.

आणि येथें ती गोष्ट घडली, जिच्यासाठीं हा लेख लिहीत आहें. दोनशें रुपयांची चर्चा चालली असतां वहिनी आंतून म्हणाल्या, “माझें रात्रीचें दूध बंद करा. मला नकोच असतें.”

मीं म्हटलें, “वहिनी, डॉक्टरांनीं सांगितलेलें दूध आहे तें.”

“डॉक्टरांना काय ठाऊक? आणि तुमचे नव्वद रुपये कसे जमत होते, तें तरी तुम्हांला कोठें ठाऊक आहे?”

त्या हसत हसत बोलल्या. पण बोलल्यावर त्यांनाच बोललों हें बरें झालें नाहीं असें वाटलें असावें. त्या लगेच स्वयंपाकघरांत गेल्या. मी मागोमाग गेलों आणि बराच वेळ विचारल्यावर जें कळलें तें असें.

१९७४ सालीं मी मॅट्रिक होऊन पुण्यास संस्कृत शिकावयास गेलों. १९७२ च्या दुष्काळांत रेशनवरच्या तांबड्या मिलोच्या भाकऱ्या खाऊन घर नुकतें कोठें उभें राहत होतें, तों १९७३-७४ ची महागाई आली. मुंबईंत मृणाल गोरे व अहिल्या रांगणेकर यांच्या पुढारीपणाखालीं बायका लाटणीं घेऊन रस्त्यावर आल्या त्याच सुमाराचे हे दिवस. दादा एका कचेरींत कारकून होते. हातीं २८० रुपये येत, आणि महिन्याच्या पांच तारखेस मला ९० रुपयांची मनिऑर्डर येई. तीन वर्षांत एकदांहि ती चुकली नाहीं. मी पै-पैचा हिशेब लिहीत असें. दोन वार जेवून, पायीं हिंडून, एका धोतरावर वर्ष काढून मी दरमहा तीन-चार रुपये मागें टाकले आणि त्यांतून वामन शिवराम आपटे यांचा कोश विकत घेतला. तो कोश अजून माझ्याजवळ आहे. स्वतःच्या काटकसरीचा दाखला म्हणून मीं तो कित्येक विद्यार्थ्यांना दाखविला आहे.

त्या नव्वदांपैकीं तीस रुपये वहिनींचे होते. दिवसाचें काम आटोपल्यावर, मुलें निजल्यावर, त्या शेजारपाजारच्या बायकांचीं पोलकीं आणि परकर शिवीत. मशीन माहेरचें. वीज वांचवावी म्हणून खिडकीशीं बसून, चांदणें असलें तर दिवा न लावतां. दादांनीं हें मला कळविलें नाहीं, कारण वहिनींनींच कळवूं नका म्हणून सांगितलें होतें. धाकट्या दिरास संकोच वाटेल आणि तो शिक्षण सोडून येईल, ही त्यांची भीति. आणि महिन्याच्या अखेरीस धान्याचा डबा वाजूं लागला म्हणजे रात्रीं त्यांना भूक लागत नसे. चाळिशीच्या आधींच त्यांना जाड भिंगांचा चष्मा लागला, तो अभ्यास न करतां कसा लागला म्हणून मीच एकदां थट्टा केली होती. दादांना जाऊन सहा वर्षें झालीं. हें कळल्यावर ज्यांच्याजवळ बोलावें असे तेच होते.

संस्कृत व्याकरणांत अव्यय म्हणून एक शब्दजाति आहे. आय म्हणजे येणें, व्यय म्हणजे निघून जाणें. ज्याचा व्यय होत नाहीं तें अव्यय. त्याला लिंग नाहीं, वचन नाहीं, विभक्ति नाहीं. आणि विभक्ति या शब्दाचा मूळ अर्थ वांटणी असा आहे. आपल्या एकत्र कुटुंबांतून प्रत्येक घरीं असें एखादें माणूस अव्यय म्हणून धरलेलें असतें. त्याची झीज होत नाहीं असें सर्वजण मानतात, आणि वांटणी करतांना त्यास कोणतीच विभक्ति लागत नाहीं.

अण्णासाहेब कर्वे यांचें आयुष्य साधेपणाच्या बाबतींत कोणासहि वंद्य वाटावें असें आहे. १८९६ सालीं त्यांनीं विधवांसाठीं आश्रम काढला, १९०० सालीं तो हिंगण्यास नेला, आणि फर्ग्युसन कॉलेजांतील गणिताचें अध्यापन संपवून ते रोज पायीं आश्रमांत जात. मिळकतीचा, इतकेंच नव्हे तर आयुर्विम्याचाहि पैसा त्यांनीं संस्थेस दिला. त्यांचें ‘आत्मवृत्त’ १९१५ सालीं निघालें. माझ्या पिढीपर्यंत पुष्कळ घरांत तें असे. पण त्याच संसाराचें दुसरें पुस्तक, त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजेच बाया कर्वे, यांचें ‘माझें पुराण’, तें यावयास १९४४ साल उजाडलें. तेंच घर, तीच तंगी. पण हा हिशेब चुलीच्या बाजूनें मांडलेला. नवऱ्यानें सर्व संस्थेस दिल्यावर मुलांच्या ताटांत काय वाढावयाचें, हा प्रश्न तेथें उभा आहे. अण्णासाहेबांचें मोठेपण त्यानें कमी होतें असें मी मानीत नाहीं. परंतु दोन्ही पुस्तकें शेजारीं ठेवून वाचल्याशिवाय जमाखर्च पुरा होत नाहीं, असें आतां मला वाटतें. मीं पहिलें तीनदां वाचलें होतें. दुसरें या महिन्यांत प्रथम वाचलें.

घरच्या वह्याहि मीं या दृष्टीनें पुन्हां चाळल्या. चैत्र-वैशाखांतील बेगमीचीं पानें पाहिलीं. ‘उडीद ५ किलो’, ‘गहूं कुरडयांस ४ किलो’, ‘एरंडेल तूरडाळीस’ अशा नोंदी माझ्या सुवाच्य अक्षरांत आहेत. सुगीनंतर धान्य स्वस्त असतें, तेव्हां तें वर्षाचें भरून ठेवावें, डाळीस तेलाचा हात लावून उन्हें द्यावींत, धान्यांत कडुनिंबाचा पाला घालावा, हा आमच्या घराच्या काटकसरीचा कणा. तो मीं नेहमीं माझ्या हिशेबाच्या शिस्तीचा भाग समजत आलों. पण बाजारांतील तयार पापडांचा भाव आणि उडदाचा भाव यांत जें अंतर आहे, तें घरांत कोणी कमावलें? लाटणाऱ्या हातांनीं. वहींत उडीद खर्चीं पडले आहेत आणि पापड कोठेंच जमा नाहींत. एखाद्या दुकानदारानें अशी वही ठेवली असती तर त्यास मी अडाणी म्हटलें असतें.

तेव्हां आमच्या वहींत आतां एक सदर वाढविलें आहे. कोणत्याहि खर्चांत काट झाली, तर ती कोणाच्या वांट्यांतून झाली, त्याचें नांव पुढें लिहावयाचें. एकच नांव लागोपाठ दोन महिने आलें, तर तिसऱ्या महिन्यास ती काट दुसऱ्यानें घ्यावयाची. सूनबाईंना हें फार आवडलें. पुतण्याला थोडें अवघड वाटलें, आणि अवघड वाटण्याचें कारण पहिल्याच महिन्यांत स्पष्ट झालें, कारण पुरुषांचीं नांवें त्या सदरांत यावयास पुष्कळ हुडकावें लागलें. पुण्यास जास्त जाणाऱ्या दोनशें रुपयांपुढें माझें नांव आहे. आमच्याकडे दोन दैनिकें येत. मीं एक बंद केलें. बातम्या दोहोंत त्याच असतात. शब्दकोडें मात्र गेलेल्यांत चांगलें होतें.

मुलाचा नवा तक्ता परवां आला. ८,२००. खानावळ पहिल्या ओळींत. खालीं लिहिलें आहे, ‘सातू संपत आलें. घोरणाऱ्यालाहि आवडतें.’

मीं माळ्यावरची जुनी पेटी काढून १९७४ पासूनच्या तीन वर्षांच्या वह्या खालीं आणल्या. प्रत्येक महिन्याच्या डोक्यावर ‘जमा, ती. दादांकडून ९०’ अशी ओळ आहे. दुपारीं ओटीवर बसून मीं प्रत्येक ओळीखालीं लिहूं लागलों, ‘पैकीं ३० ती. सौ. वहिनींचे’. छत्तीस ठिकाणीं लिहावयाचें होतें. सतराव्या महिन्यापाशीं असतांना वहिनी दुधाचा पेला हातांत घेऊन बाहेर आल्या, चष्मा पुढें ओढून त्यांनीं वही पाहिली आणि म्हणाल्या, “जुन्या वहींत शाई कशाला हो वायां घालवितां, भाऊजी?”